माळकऱ्यांच्या घरातलं अंडं

खोली भाड्यानं देण्याआधी मावशींनी मला दोन प्रश्न विचारले. मी विडी ओढतो का, आणि मी खातो का. खातो का म्हणजे मटण, मासे, अंडी खातो का. माझी त्या वेळची अंगकाठी पाहता त्यांनी भाकरीबद्दलही विचारायला हरकत नव्हती. दोन्ही प्रश्नांना मी नाही म्हणालो आणि दोन्ही उत्तरं खरी होती. तरी वर्ष व्हायच्या आत माझ्या खाटेखाली अंडी सापडली, आणि ती मावशींनाच सापडली.

राहात्याजवळचं ते गाव. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी पुण्याहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन जवळच्या नव्या कॉलेजात लागलो होतो. कॉलेज इतकं नवं होतं की प्रयोगशाळेचा गिलावा अजून ओला होता, आणि प्राचार्य रोज सकाळी भिंतीला बोट लावून तो वाळला का ते पाहत. मी स्वतःला प्राध्यापक म्हणवून घेत असे. मावशी मला मास्तर म्हणत. एकदा मी त्यांना दोन्हीतला फरक समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, मास्तर."

मावशी पन्नाशीच्या पुढच्या. पेरूची बाग, म्हशी, आल्यागेल्याचं चहापाणी, सगळं त्यांच्याच शब्दावर चाले. गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांचे यजमान आबा, त्यांच्याही गळ्यात माळ होती, पण ती मावशींनी घातली होती असं गावात म्हणत, आणि आबा ते नाकारत नसत.

त्या वर्षी मला वर्गाला कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाची वाढ शिकवायची होती. पुण्याच्या दुकानातून तयार काचपट्ट्या यायच्या होत्या. त्या काही येईनात, तेव्हा प्राचार्यांनी मला सांगितलं की तुम्हीच अंडी उबवून काय ते दाखवा. मी वरवर कुरकुरलो, पण मनातून मला ते हवंच होतं. एम.एस्सी.ला असताना एका परदेशी मासिकात मी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचं छायाचित्र पाहिलं होतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काढलेलं. रक्तवाहिनी आतून पापडासारख्या पातळ पेशींनी मढवलेली असते. त्या पेशींच्या कडा जिथं भेटतात तिथं त्या चित्रात गडद ठिपके दिसत होते. तिथं त्या एकमेकींना धरून असतात. ही पकड पहिल्यांदा बसते कशी, हे मला बघायचं होतं, आणि अंड्यात ते घडत असताना सापडतं. उबेला ठेवल्यावर दोनेक दिवसांत बलकावर लाल ठिपक्यांची बेटं उठतात, ती एकमेकांकडे सरकतात, एकमेकांना धरतात, त्यांच्या नळ्या होतात, नळ्यांचं जाळं होतं, आणि तोवर धडधडायला लागलेलं काळीज त्या जाळ्यात रक्त ढकलू लागतं. जग माझ्या शोधाची वाट बघत थांबलंय अशी तेव्हा माझी समजूत होती. जगानं तसं काही कळवलं नव्हतं.

कॉलेजचा शिपाई संध्याकाळी मेन स्विच पाडून घरी जाई, त्यामुळे उबवणीची पेटी खोलीवरच ठेवणं भाग होतं. चहाच्या खोक्यात एक बल्ब, एक थर्मामीटर आणि पाण्याची वाटी, असं माझं यंत्र होतं. ते मी खाटेखाली सरकवलं. अंडी गावाबाहेरच्या वस्तीवरून आणायची. तिथल्या एका बाईकडे कोंबडाही होता, आणि त्याच्याशिवाय या कामाला अर्थ नव्हता. येताना पिशवीत खाली अंडी आणि वर मेथीची जुडी. मास्तरांना मेथी फार आवडते असा मावशींचा समज झाला, आणि त्या प्रेमानं मला रोज वाटीभर मेथीची भाजी पाठवू लागल्या. ती मी पुढं कितीतरी दिवस खाल्ली.

पहिला संशय आला आबांना. एका संध्याकाळी ते माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले. पाऊसपाण्याचं बोलले, म्हशीचं बोलले, मग घराकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "मास्तर, येकट्यानं खाल्लेलं पचत न्हाई."

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. पेटी ओढून दाखवली. मी अंडी खात नाही, उघडून बघतो, असं म्हणालो. आबांनी समजूतदारपणे मान हलवली आणि बघून झाल्यावर काय करता असं विचारलं. फेकून देतो, असं मी सांगितलं. त्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भरल्या ताटाला लाथ मारली होती. ते उठून गेले आणि पुढं काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी थापा मारतोय आणि शिवाय कंजूष आहे, असं त्यांचं मत झालं असावं.

मावशींना ते कळलं ते मात्र आबांकडून नाही. मी कॉलेजात असताना त्यांना माझ्या खोलीच्या फटीतून भर दिवसा उजेड दिसला. दिवसा दिवा जळतोय हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्या विझवायला आत गेल्या, उजेडाचा माग काढत खाटेखाली वाकल्या. दुपारी मी परतलो तेव्हा अंगणात सूप होतं, सुपात माझी अंडी होती, आणि मावशी समोर बसल्या होत्या. आबा लांब उभे राहून अंगणातलं पेरूचं झाड न्याहाळत होते, जसं काही ते आजच उगवलं होतं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. मी खात नाही, शिकवण्यासाठी उघडून बघतो. आबांना हे सांगून उपयोग झाला नव्हता, पण मावशींना ते लगेच पटलं, आणि त्यानं सगळं आणखी बिघडलं.

"म्हंजी पोटासाठी न्हाई," त्या म्हणाल्या. "नुस्तं बघायपायी जीव फोडायचा. मास्तर, तुमी खाल्ली असती तर मी म्हनले असते, पोराला भूक हाय. ह्याला काय म्हनू?"

एम.एस्सी.ला हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मावशींनी शांतपणे सांगितलं की महिना भरला की खोली सोडा. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा मला कसं सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, खोली सोडतो, पण तुम्ही एकदा बघा आणि मग काय ते बोला. त्या म्हणाल्या मला बघायचं नाही. मी आतून भिंग आणि चाकू आणला. मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पण जागच्या हलल्या नाहीत.

मी एक अंडं दोन्ही तळव्यांत धरून उन्हात बसलो. बल्ब बंद होऊन बराच वेळ झाला होता आणि अंडं गार पडलं होतं. ते जरा उबदार लागल्यावर चाकूच्या टोकानं वरच्या बाजूचं टरफल पेराएवढं काढलं. आत बलकावर लाल जाळं पसरलेलं होतं, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, आणि मधोमध काळजाचा ठिपका. तो हलत नव्हता. मावशींना दाखवायला आणि नेमकं मेलेलंच दाखवायचं, असं माझ्या मनात आलं. आणि तेवढ्यात तो ठिपका एकदा आकसला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आकसला. उन्हाची ऊब लागली तसा तो लयीत आला, आणि जाळ्यातून रक्त वाहताना दिसायला लागलं.

माझ्या तोंडून हुश्श निघालं असावं. त्या वळल्या. माझ्या हातातून भिंग घेतलं, गुडघ्यांवर बसल्या, आणि बघता बघता त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला. आबांनी येऊन दोनदा भिंग मागितलं. ते त्यांना मिळालं नाही.

"ह्येला कुनी शिकिवलं?" मावशींनी विचारलं.

कुणी नाही, मी म्हणालो.

"मग तुमी तरी काय शिकिवता?" त्या म्हणाल्या, आणि भिंग आबांकडे दिलं. मग त्यांनी निवाडा केला. खोली सोडायची गरज नाही. पण जे उघडलंय ते मी झाकायचं, आणि ते पिल्लू बाहेर येईपर्यंत सांभाळायचं. मी म्हणालो, उघडलेलं अंडं सहसा जगत नाही. त्या म्हणाल्या, "झाकलं की जगंल. माझं भांडं झाकून ठेवते ते न्हाई का टिकत?" शास्त्रानुसार यात पुष्कळ चुका होत्या. मी गुपचूप मायक्रोस्कोपची पातळ काच त्या भोकावर बसवली आणि कडेनं मेण ओतलं.

पुढची अडचण विजेची. त्या दिवसांत लाईट कधी जाईल सांगता येत नसे, आणि बल्बच्या भरवशावर पिल्लू निघणं कठीण होतं. बाकीची अंडी कोंबडीखाली ठेवावीत असं ठरलं. आता माळकरी बाई वस्तीवर जाऊन खुडूक कोंबडी मागतेय, म्हणजे अंड्यावर बसायला तयार असलेली, हे दृश्य त्या गावानं आधी पाहिलं नव्हतं. मावशी गेल्या आणि कोंबडी काखेत मारून भर रस्त्यानं घेऊन आल्या. कुणी विचारलं तर सांगत, "कालेजाचं काम हाय." कोंबडी गोठ्यात डालग्याखाली बसली. काच बसवलेलं अंडं मात्र तिच्या पायाखाली टिकलं नसतं. त्यासाठी मावशींनी स्वतःच्या स्वयंपाकघरात, चुलीमागच्या उबेत, कापूस घातलेलं गाडगं ठेवलं. ज्या घरात अंड्याला बंदी होती त्या घरात अंडं देव्हाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर जाऊन बसलं. थर्मामीटर कसा बघायचा ते मी शिकवलं. मावशी त्यातला पारा बघून जाळ कमीजास्त करीत, आणि भाकरी कधी कच्ची तर कधी करपलेली होई. आबा ती मुकाट्यानं खात.

रोज दुपारी आम्ही तिघं अंड्याच्या त्या काचेच्या खिडकीतून आत बघत असू. पहिल्यांदा जाळ्यातल्या सगळ्या नळ्या सारख्याच होत्या. नंतर काही रुंद होऊ लागल्या, काही आकसून नाहीशा झाल्या, आणि जाळ्याचं झाड दिसायला लागलं. हे का होतं ते समजवायला मी तोंड उघडलं, तर आबा मावशींना सांगत होते की पाटाच्या पाण्यासारखंच आहे, ज्या चारीनं जास्त पाणी जातं ती रुंदावते आणि दुसरी बुजते. मी तोंड मिटलं. आबा माझ्याशी पुन्हा बोलायला लागले ते त्या सुमाराला. अंडी खरंच खाण्यासाठी नव्हती हे त्यांना पटलं होतं, आणि त्यांनी मला मोठ्या मनानं माफ केलं होतं.

एका सकाळी मी दाढी करत असताना मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, थांबलंय ते," एवढंच म्हणाल्या.

मी जाऊन पाहिलं. काळीज थांबलं होतं. मेणाला एका बाजूनं केसाएवढी चीर गेली होती. ती केव्हा गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो की तुमच्याकडून काही चुकलं नाही, ते बहुतेक होणारच होतं. त्या दिवशी भाकऱ्या व्यवस्थित भाजल्या गेल्या, आणि आम्ही तिघांनीही त्या अर्ध्या ताटात ठेवल्या.

अंडं पुरण्याआधी मी एक गोष्ट मागितली. ते जाळं ज्या पडद्यावर पसरलं होतं त्याचा बारीक तुकडा घेऊ का? मावशींनी थोडा विचार केला. आता त्याला दुखणार नाही, घ्या, म्हणाल्या. मी तो तुकडा धुऊन काचपट्टीवर पसरला, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि काचपट्टी अंगणातल्या उन्हात ठेवली. माझी बोटं नेहमीप्रमाणे काळी झाली. ऊन लागलं की चांदी पेशींच्या कडांवर बसते आणि कडा तपकिरी रेघांसारख्या उमटतात. कॉलेजातून आणलेल्या मायक्रोस्कोपचा आरसा उन्हाकडे फिरवून मी मावशींना बसवलं. एक डोळा मिटायला त्यांना जमत नव्हतं, तेव्हा आबांनी आपल्या हातानं त्यांचा डोळा झाकला.

एका रक्तवाहिनीची भिंत समोर होती. लांबट पेशी, एकीला लागून एक, मधे नागमोडी रेघा, कुठं फट नाही.

"ह्ये तर बांध हायेत," मावशी म्हणाल्या. ज्या गावात बांध वीतभर सरकला की कोर्टात जातात, तिथल्या बाईला दुसरं काय दिसणार. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पन मास्तर, नळी मोटी झाली तवा ह्यांनी जागा बदलल्या आसत्याल. येकीचा हात सोडायचा, दुसरीचा धरायचा. मग त्या मधल्या येळंला रगत बाहीर सांडत न्हाई व्हय?"

मी उत्तर द्यायला सुरुवात केली. ज्या गोष्टी आपल्याला ठाऊक नसतात त्या जास्त वेळ सांगायच्या, हे कसब मला नोकरीच्या पहिल्या वर्षातच आलं होतं. मी पकडींचे प्रकार सांगितले, घट्ट पकड, सैल पकड, मधल्या चिकट पदार्थाचं सांगितलं. मावशींनी मी थांबेपर्यंत वाट पाहिली.

"म्हंजी ठावं न्हाई," त्या म्हणाल्या.

सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा मी हा प्रश्न माझ्या जुन्या प्राध्यापकांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कुठल्या विद्यार्थ्यानं विचारलं म्हणून विचारलं. घरमालकिणीनं, असं मी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "कुणालाच माहीत नाही. आपण पेशी मारून बघतो, आणि मेलेली पेशी हात सोडतही नाही आणि धरतही नाही." मी हे परत येऊन मावशींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की पुढचे कित्येक दिवस दूध घालायला जाताना त्या भेटेल त्याला थांबवून सांगत, पुण्यालाबी ठावं न्हाई. गावात माझी पत होती तेवढीच राहिली. पुण्याची जरा उतरली.

त्या प्रश्नावर मी नंतर जमेल तसं काम केलं आणि मला ते उलगडलं नाही. ते उलगडलं दुसऱ्यांना, मी निवृत्त झाल्यानंतर. पारदर्शक माशाच्या पिल्लात त्यांनी पेशींच्या कडा चमकत्या केल्या आणि जिवंतपणी त्यांचं चित्रण केलं. मी ते पाहिलं. पेशी आपली पातळ कड शेजारणीवर पुढं सरकवते, तिथं नवी पकड बसवते, तिच्या आधारानं स्वतःला ओढून घेते, आणि मग मागची पकड सोडते. मधल्या वेळेला दोन्ही हात धरलेले असतात. थेंबही सांडत नाही. मी ते तीनचारदा बघितलं आणि कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. मावशी आणि आबा दोघंही तेव्हा हयात नव्हते.

पण ते पुष्कळ पुढचं. त्या वर्षी गोठ्यातली कोंबडी मात्र आपलं काम चोख करत होती. एका सकाळी डालग्याखालून चिवचिव ऐकू आली. वर्गातली मुलं-मुली सायकली घेऊन मावशींच्या अंगणात बघायला आली, कारण कॉलेजात दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी फळ्याशिवाय कसं शिकवावं या विचारात होतो, तोवर मावशींनी मुलींना ओसरीवर बसवून बेटं कशी उठतात, हात कसे धरतात, काळीज कधी चालू होतं हे सांगून टाकलं होतं. एका मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत तिनं पेशींच्या कडांना बांध असं लिहिलं. मी तिला गुण दिले.

मग प्रश्न आला पिल्लांचा. कोंबडी वस्तीवर परत गेली, पण पिल्लं परत द्यायला मावशी तयार होईनात. तिथं मोठी झाली की कापतील, म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. अशा रीतीनं त्या माळकरी घरात कोंबड्यांची जात रुजली. त्यांना कुणी खाणार नव्हतं, विकणार नव्हतं, त्यामुळे त्या अंगणात जहागीरदारासारख्या फिरत. मोठ्या होऊन त्या अंडी घालू लागल्या तेव्हा मावशी ती परातीत भरून माझ्या खोलीत आणून ठेवत आणि बजावत की ही कॉलेजची आहेत. एखादं कमी भरलं तर त्या आबांकडे बघत. आबा म्हणत, मुंगसानं नेलं असंल. मुंगूस मी तिथं कधी पाहिलं नाही. मी त्यावर कधी बोललो नाही, आणि आबांनीही मला पुन्हा कंजूष ठरवलं नाही.

पुढं मला दुसरीकडे नोकरी लागली. निघायच्या दिवशी मावशी बाहेर आल्या नाहीत. म्हशीला बरं नाही असा निरोप त्यांनी दिला. म्हैस मला दारातून दिसत होती आणि ती मजेत रवंथ करत होती. माझी ट्रंक घेऊन आबा एस.टी.च्या थांब्यापर्यंत आले. वाटेत मी विचारलं की खोली कुणाला दिली. रसायनशास्त्राचे एक मास्तर येणार होते.

"पर तिनं त्येला आधीच इच्यारलंय," आबा म्हणाले. "विडी वडता का, खाता का, आन् घरात काय उघडून बघनार हाय का."

तो काय म्हणाला, मी विचारलं.

"न्हाई म्हनला," आबा म्हणाले. ट्रंक खाली ठेवून त्यांनी घाम पुसला. "तवापासनं तिचं मन लागंना. मला म्हनली, मंग ह्यो मानूस दिसभर करतो तरी काय."